फी कमी करायची, पण कुणाच्या पोटावर?

जून-जुलै आला की आपल्या वस्त्यांत एकच विषय निघतो. कुणाच्या मुलीला बी.एस्सी.ला प्रवेश मिळालेला असतो, कुणाच्या मुलाला बी.सी.ए.ला. पेढे वाटून होतात न होतात, तोच फीचा कागद हातात पडतो आणि आईबापांच्या तोंडचे पाणी पळते. सरकारी विद्यापीठ म्हणजे स्वस्त शिक्षण, अशी आपली समजूत. मग फी वाढते कशी? आणि ती रोखायची कुठे? आज आम्ही हाच हिशेब वाचकांपुढे मांडत आहोत.

विद्यापीठाच्या खर्चात मोठा वाटा पगाराचा असतो. इमारत एकदा बांधली की झाले, शिक्षक मात्र रोज लागतो. अनुदानित वर्गांत मंजूर पदांचा पगार शासन देते, म्हणून तिथली फी आवाक्यात राहते. विनाअनुदानित अभ्यासक्रमांत पगार, वीज, प्रयोगशाळा, सगळेच फीतून भागवायचे असते. एकाच कॉलेजात, एकाच जिन्याने वर जाणाऱ्या दोन मुलांची फी वेगवेगळी दिसते, त्याचे कारण हे. शासनाने हात आखडला की बोजा पालकाच्या डोक्यावर येतो.

मग खर्च आवरण्याचा सोपा उपाय शोधला जातो, तो म्हणजे पदे भरायचीच नाहीत! प्राध्यापक निवृत्त झाला की जागा रिकामी ठेवायची आणि तासिका तत्त्वावर माणूस घ्यायचा. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे कायम सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतनच ५७,७०० रुपये, भत्ते वेगळे. अतिथी शिक्षकासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली तासाला १,५०० रुपये ठरवले, पण महिन्याला ५०,००० च्या वर नाही. तास झाला तर पैसे, सुट्टी लागली की चूल थंड. याच आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत कंत्राटी शिक्षक एकूण पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत असे म्हटले होते. नियम कागदावर आणि वर्ग तासिकेवर, अशी गत अनेक ठिकाणी झाली.

आता कुणी म्हणेल, प्राध्यापकाच्या पगाराचे आपल्याला काय? आमचे म्हणणे, आपल्यालाच जास्त आहे. बापाने झाडू मारून, आईने धुणीभांडी करून ज्या मुलाला शिकवले, तो नेट-सेट होतो, पीएच.डी. करतो आणि शेवटी चाळिशीला आला तरी तासावर शिकवत राहतो. कायम पद निघाले तर बिंदुनामावली लागते, आरक्षण लागते. तासावरच्या नेमणुकीत ते सहज निसटते. २०१८ साली विद्यापीठाऐवजी विभाग हा घटक धरून आरक्षण मोजण्याचा आदेश निघाला. विभागात जागाच दोन-तीन, मग राखीव जागेचा क्रमांक येणार कधी? देशभर आंदोलने झाली, तेव्हा २०१९ साली कायदा होऊन केंद्रीय संस्थांत पुन्हा संपूर्ण संस्था हाच घटक धरला गेला. ही लढाई जिंकली. पण पदच भरले नाही, तर जिंकलेले आरक्षण ठेवायचे कुठे?

म्हणजे मुलीची फी कमी करण्यासाठी मुलाची नोकरी कापायची, असा हा व्यवहार आहे. एकाच घरातल्या दोन लेकरांना एकमेकांसमोर उभे करणारा. तो आम्हाला मान्य नाही.

बाबासाहेबांनी या प्रश्नाचे मूळ फार पूर्वीच दाखवून दिले आहे. १९२७ च्या मार्चमध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना त्यांनी आकडेच पुढे ठेवले. कला महाविद्यालयांच्या खर्चापैकी सुमारे ३६ टक्के आणि हायस्कुलांच्या खर्चापैकी सुमारे ३१ टक्के रक्कम फीतून वसूल होत होती. हा शिक्षणाचा व्यापार आहे, असे त्यांनी सरकारला सुनावले. खालच्या वर्गांना उच्च शिक्षण जितके स्वस्त करता येईल तितके करावे, ही त्यांची मागणी होती. शिक्षक स्वस्त करा, असे ते म्हणाले नाहीत. दारूवरच्या करातून सरकार लोकांकडून जेवढे घेते, तेवढे तरी शिक्षणावर खर्च करावे, असे ते म्हणाले. पैसा कुठून यावा, याचे उत्तर त्यात आहे. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च व्हावा, हे कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितले आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणातही पुन्हा तेच लिहावे लागले. यातच सर्व आले.

काटकसर नको, असे आम्ही म्हणत नाही. समारंभ, गाड्या, ठेकेदारांची बिले, वारंवार बदलणारी परीक्षेची यंत्रणा, इथे कात्री लावावी. फीच्या पावतीत 'इतर शुल्क' म्हणून जे घुसडले जाते, त्याचा जाब विचारावा. शिकवणाऱ्याच्या ताटाला मात्र हात लावू नये.

आपण काय करायचे? पहिली गोष्ट, प्रत्येक बाबीची वेगळी पावती मागा. दुसरी, शिष्यवृत्तीचे नियम समजून घ्या. १९४४ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, ही मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. २०२१-२२ पासून केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात येऊ लागला. ते पैसे घरखर्चाचे नव्हेत, फीचे आहेत. ते मुदतीत कॉलेजात भरा, नाहीतर लेकराच्या निकालावर गदा येते. आणि शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या मुलाकडून कुणी प्रवेशाच्या वेळीच सगळी फी मागत असेल, तर मुकाट्याने सावकाराकडे जाऊ नका. समाजकल्याण कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

तिसरी गोष्ट आपण नेहमी विसरतो. विद्यापीठाच्या अधिसभेत अंदाजपत्रक मांडले जाते. २०१६ च्या कायद्याप्रमाणे तिथे नोंदणीकृत पदवीधरांनी निवडलेले १० सदस्य असतात आणि त्यांतल्या ५ जागा राखीव आहेत. आपल्या वस्तीत पदवीधर किती, आणि त्यांतल्या कितीजणांचे नाव त्या मतदार यादीत आहे? येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर एवढी एक यादी तरी करा. हिशेब विचारायचा असेल, तर आधी हिशेबाच्या खोलीत आपला माणूस पाहिजे.