पोटासाठी आलेल्यांची कला

पोटाची खळगी भरण्यास शहरात आलेल्या माणसाजवळ कला कोठून असणार, असा प्रश्न सुशिक्षित मंडळी वारंवार विचारतात. प्रश्न कसला, तो निकालच असतो. आणि तो देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी गिरणगावातील एकही चाळ आतून पाहिलेली नसते. १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळाने देशोधडीस लागलेल्या आयरिश लोकांनी अमेरिकेतील शहरांत आपली गाणी व नाच जतन केले, हे आमच्या इंग्रजी शिकलेल्या घरांत कौतुकाने सांगितले जाते. रत्नागिरी-साताऱ्याहून लालबाग-परळास आलेल्यांनी तेच केले, तर ती मात्र ‘कामगारांची करमणूक’ ठरते! या निवाड्यास काय म्हणावे?

मुंबईतील पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली, आणि पुढे शंभरांहून अधिक वर्षे कोकण व घाट यांतून माणसांचा ओघ तिकडे वाहत राहिला. बहुतेक पुरुष एकटे येत. एका गाळ्यात कितीतरी जण. एका पाळीचा उठून कामावर गेला की दुसऱ्या पाळीचा त्याच जागी पथारी टाकी. जेवण खाणावळवाल्या बाईकडे. (या बायांचा इतिहासही कोणी तरी सविस्तर लिहावयास हवा.) एका गावचे लोक वर्गणी काढून खोली ठेवीत. तेथेच भजनाची तालीम चाले, तेथेच शक्ती-तुऱ्याच्या सवालजवाबांची जुळणी होई. तळकोकणचा दशावतार आणि घाटावरचा तमाशा एकाच वस्तीत शेजारी शेजारी नांदू लागले, ते या दाटीमुळेच.

स्थैर्यावाचून कला नाही, हे म्हणणे येथेच लंगडे पडते. वाटेगावाहून आलेल्या अण्णा भाऊ साठे यांनी अमर शेख व गव्हाणकर यांच्यासह १९४४ साली लाल बावटा कलापथक उभारले. त्यांच्या ‘माझी मैना’ या छक्कडीत गावी राहिलेल्या कारभारणीचा विरह आहे. आणि तोच विरह पाहता पाहता संयुक्त महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मुलखाचा होतो. चाकरमान्याचे घरगुती दुःख एका प्रांताच्या मागणीस वाचा देते, याहून मोठे सामर्थ्य आमच्या कोणत्या दिवाणखानी काव्याने दाखविले? गिरणी कामगाराच्या घरी वाढलेल्या नारायण सुर्वे यांचा ‘ऐसा गा मी ब्रह्म’ १९६२ साली निघाला, तोही याच वस्तीतून.

पुढचे ठाऊकच आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचा संसार उधळला. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एक-तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी व एक-तृतीयांश घरांसाठी ठेवावयाचा होता. २००१ साली ती वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती आखडली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केले. तालमीची खोली गेली, अंगण गेले. आणि आता ती कला ‘लोप पावत आहे’ म्हणून आम्हीच हळहळतो! जागा काढून घ्यावयाची आणि मरणाचा दोष कलेस द्यावयाचा, हा शहाजोगपणा झाला.

कोणी म्हणेल, तिरोड्यास बसून परळची चिंता कशाला? आमच्या झाडीपट्टीत धान निघाले की मंडई भरते, दंडार होते, आणि वडशाच्या कंपन्यांची नाटके लोक तिकीट काढून रात्रभर पाहतात. परशुराम खुणे यांस २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा शहरांतील कित्येकांनी या रंगभूमीचे नाव प्रथमच ऐकले असेल. ती जगली, कारण तिला उघडे मैदान आहे आणि पदरचे पैसे मोडणारा प्रेक्षक आहे. पण याच प्रेक्षकाचा मुलगा कामासाठी नागपुरास जातो, तेव्हा त्याच्या वस्तीत ढोलकी वाजविण्यास दहा हात जागा कोठे असते? वातानुकूलित सभागृहात वर्षातून एकदा ‘लोककला-महोत्सव’ भरवून त्यास पासावर बोलावणे, हे त्याचे उत्तर नव्हे. नव्या वसाहतीच्या नकाशात मोटारी ठेवण्याची जागा कायद्याने राखली जाते. त्याच नकाशात तालमीची एक खोली आणि एक अंगण राखावे, एवढीच आमची मागणी आहे. ती ज्यांस अवाजवी वाटते, त्यांनी मोटारीची जागा कोणत्या न्यायाने वाजवी ठरते, तेवढे सांगावे.