पांखरांची हजेरीवही

ज्या घरांत जमाखर्चाची वही नाहीं, त्या घराची श्रीमंती आणि गरिबी दोन्ही ऐकीव असतात. आमच्या बीड जिल्ह्यांतील पाण्यावरच्या पांखरांची गोष्ट बहुतांशीं अशीच ऐकीव आहे. कोणी वृद्ध गृहस्थ सांगतात कीं पूर्वीं नदीच्या डोहावर बदकांनीं पाणी झाकून जात असे. कोणी तरुण म्हणतो कीं धरण झाल्यापासून पांखरें उलट वाढलीं आहेत. दोघांचेंही म्हणणें खरें असूं शकेल, दोघांचेंही चूक असूं शकेल. निवाडा करूं म्हटलें तर गांवाच्या शाळेंत किंवा चावडींत दाखवावयास कागद नाहीं. हा कागद तयार करण्याचें काम शाळेचें आहे, आणि तें मुलांच्या हातून होण्यासारखें आहे, असें आम्हांस वाटतें.

बीड हा कोरड्या पट्ट्यांतील जिल्हा. वर्षाचा पाऊस सरासरीनें साडेसहाशें मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही रुसला म्हणजे वर्षदोन वर्षें धड पडत नाहीं. पाण्याची किंमत आमच्या पूर्वजांस पुरती ठाऊक होती. बीड शहराजवळची खजाना विहीर सोळाव्या शतकांतील, आणि कंकालेश्वराचें देऊळ तर पाण्याच्या मधोमध उभें आहे. परंतु विस्तीर्ण जलाशय म्हणावेत असे जे आज येथें दिसतात, ते सारे धरणांचे. सिंदफणेवरचें माजलगांव, केज तालुक्यांत धनेगांव येथील मांजरा, शहराजवळचें बिंदुसरा. आणि आमच्या उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या गोदावरीवर, जिल्ह्याच्या वरच्या अंगास, पैठणचें जायकवाडी. धरणें माणसानें बांधिलीं तीं पिकासाठीं व पिण्याच्या पाण्यासाठीं. पांखरांनीं कोणाची परवानगी न विचारतां त्यांत आपला वाटा घेतला.

त्यांपैकीं जायकवाडीच्या नाथसागरास सन १९८६ मध्यें पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. वर नाशिक जिल्ह्यांत गोदावरीवरच असलेलें नांदूर मध्यमेश्वर रामसरच्या जागतिक यादींत गेलें, आणि तो मान मिळविणारें तें महाराष्ट्रांतील पहिलें स्थळ ठरलें. आमच्या जिल्ह्याचें अभयारण्य आहे तें पाटोदा तालुक्यांतील नायगांवचें, पण तें मोरांसाठीं. माजलगांवच्या किंवा मांजऱ्याच्या पाण्यावर उतरणाऱ्या पांखरांस तसली सरकारी पाटी लाभलेली नाहीं. कित्येकांस वाटतें, पाटी नाहीं म्हणजे तेथें मोजण्याजोगें कांहीं नाहीं. आम्ही उलट म्हणतों. जेथें पाटी आहे तेथें निदान पगारी रखवालदार तरी असतो. जेथें ती नाहीं तेथें वहीवांचून दुसरा राखणदार नाहीं.

आतां पालक विचारतील कीं, पहांटे थंडींत बांधावर जाऊन बदकें मोजल्यानें परीक्षेंत गुण किती वाढतील? प्रश्न रास्त आहे. फीचे पैसे कष्टानें जमविणाऱ्या बापानें तो विचारलाच पाहिजे. आमचें उत्तर असें कीं, गिधाडांची हकीकत पाहा.

राजस्थानांतील भरतपूर येथें केवलादेव नांवाचें पाणथळ राष्ट्रीय उद्यान आहे. तेथें बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे संशोधक विभु प्रकाश यांनीं १९८० नंतरच्या दशकांत गिधाडांचीं घरटीं मोजून लिहून ठेविलीं होतीं. त्या काळीं गिधाड हा इतका साधा पक्षी होता कीं तो मोजणें म्हणजे गांवांतले कावळे मोजण्यासारखें वाटावें. सुमारें दहा वर्षांनीं त्यांनीं तींच घरटीं पुन्हां मोजलीं, आणि संख्या कोसळलेली आढळली. हें सन १९९९ मध्यें प्रसिद्ध झालें. मग देशोदेशींचे शास्त्रज्ञ कारण शोधूं लागले. सन २००४ मध्यें तें निश्चितपणें प्रसिद्ध झालें: दुखण्यावर गुरांना टोचलें जाणारें डायक्लोफेनॅक. औषध दिलेलें जनावर मेलें कीं त्याच्या मांसाबरोबर तें गिधाडाच्या पोटांत जाई, आणि मूत्रपिंडें निकामी होऊन गिधाड मरे. सन २००६ मध्यें भारत सरकारनें गुरांसाठीं हें औषध बनविण्यास बंदी केली. आतां विचार करा. पहिली मोजणी झालीच नसती, तर दुसऱ्या मोजणीचा आंकडा पाहून कोणाच्या मनांत शंका आली असती? मेलेलें ढोर माळावर टाकलें तर तें कोण साफ करतें, हें शेतकऱ्याच्या मुलास सांगावयास नको. गिधाडें गेलीं आणि त्यांचें काम मोकाट कुत्र्यांनीं घेतलें. त्याचा त्रास आम्हां सर्वांच्या दारांत आहे.

या गोष्टींत ध्यानांत घेण्याजोगें हें कीं, ज्यानें पहिल्यांदा आंकडा लिहिला त्यास त्याचा पुढें काय उपयोग होईल हें माहीत नव्हतें. जगांतील बहुतेक चांगल्या नोंदी अशाच झाल्या आहेत.

सन १८९६ मध्यें मुंबईस जन्मलेल्या सालिम अलींचीच गोष्ट घ्या. दहाएक वर्षांचे असतांना छऱ्यांच्या बंदुकीनें त्यांनीं चिमण्यांचा एक नर मारला. मादी आंत अंडीं उबवीत होती, ती लवकरच दुसरा नर घेऊन आली, तोही मारला. असे सात दिवसांत आठ नर त्यांनीं टिपले आणि वहींत लिहून ठेविले. त्यामागें हेतु होता तो केवळ आपल्या नेमबाजीची फुशारकी मारण्याचा. परंतु मोठेपणीं, पुष्कळ वर्षांनीं, तेंच टिपण छापलें गेलें, कारण त्यांत पक्ष्याच्या संसाराविषयीं कांहीं खरें सांगितलें होतें. बंदुकीचें आम्ही समर्थन करीत नाहीं, आणि आज तो गुन्हाही आहे. वहीचें मात्र करतों. याच सालिम अलींनीं सन १९३१-३२ मध्यें हैदराबाद संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी केली. आमचें बीड तेव्हां निजामाच्या राज्यांत होतें. आज मराठवाड्यांत कोणता पक्षी वाढला, कोणता घटला, असा प्रश्न निघाला म्हणजे अभ्यासकांस मागें वळून त्या पाहणीपर्यंत जावें लागतें. तेव्हांपासून आजपर्यंतचा मधला काळ आमच्या गांवांनीं कोराच सोडला आहे.

वही कशी ठेवावी, याविषयीं दोन शब्द लिहितों. तारीख, वेळ, जागा, आभाळ, पाण्याची पातळी आणि मोजणाराचें नांव हीं आधीं लिहावींत, पांखरें मागाहून. जागा बदलूं नये. आज बिंदुसऱ्याचा बांध, उद्यां माजलगांवची फुगोटी, परवां गोदावरीचा घाट, असें भटकणारा मुलगा पुष्कळ पाहील, पण त्याचे आंकडे एकमेकांस लागणार नाहींत. त्याहून एकच कांठ धरून दर रविवारीं त्याच घटकेस जाणारी मुलगी वर्षभरांत जें सांगूं शकेल तें मोलाचें. ओळख पटली नाहीं तर "ओळखतां आला नाहीं" असेंच लिहावें. येथें नांवांचा एक आनंदही आहे. मराठी माणसानें पाण्यावरच्या पांखरांस नांवें दिलीं तीं डोळे उघडे ठेवून दिलीं. काळ्या अंगाच्या आणि कपाळावर पांढरा टिळा असलेल्या पक्ष्यास तो वारकरी म्हणतो. चोंचीवर हळद आणि कुंकू ल्यालेल्या बदकास हळदीकुंकू. थापीसारख्या चोंचीच्या बदकास थापट्या. लांब तांबड्या पायांवर तोल सांभाळीत चिखलांतून चालणारा तो शेकाट्या. पुस्तकांतील चित्र पाहण्यापूर्वीं मुलानें आपल्या आजीस ही नांवें विचारावींत. आजीचें नांव आणि पुस्तकांतलें नांव जुळलें नाहीं तर दोन्ही लिहावींत. तीही नोंदच आहे.

आणि शून्य लिहावयास लाजूं नये. हें आम्ही आग्रहानें सांगतों, कारण मुलांस शून्याचा संकोच वाटतो. गणितांत मिळालेल्या शून्याची संवय झालेली असते! "आज एकही पट्टकदंब दिसला नाहीं" हें वाक्य "आज पट्टकदंब दिसले" याच्या तोडीचें आहे. हा हंस तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून दक्षिणेंत येतो. तो कोणत्या आठवड्यापर्यंत आला नव्हता, हें लिहिलेलें असेल तरच तो कोणत्या आठवड्यांत आला हें कळणार. सन २०१६ च्या उन्हाळ्यांत मांजरा धरण आटलें आणि लातूरच्या लोकांस मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें सर्वांस स्मरतें. त्या वर्षीं मांजऱ्यावरच्या वारकऱ्यांनीं कोठला रस्ता धरला, पाणी पुन्हां भरल्यावर ते किती वर्षांनीं पूर्वींइतके झाले, याचा हिशेब गांवांजवळ नाहीं. सन २०२५ च्या सप्टेंबरांत उलट महापूर आला, सिंदफणा आणि गोदावरी पात्र सोडून शेतांत शिरल्या. निदान या पुरानंतरचे हिवाळे तरी कोरे जाऊं नयेत.

जानेवारी २०२१ मध्यें आमच्या जिल्ह्यांत मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लूचा रोग आढळला, तेव्हां गांवोगांव घबराट झाली. कावळे मेले हें सर्वांनीं पाहिलें. परंतु एरव्हीं त्या झाडावर किती कावळे वस्तीस असत, हें सांगणारा कोणी असता, तर दहा मेले म्हणजे किती मेले, हें समजलें असतें.

हल्लीं दुर्बिणीपेक्षां कॅमेरे अधिक झाले आहेत, आणि हातांतल्या फोनवर नोंद करण्याची सोयही झाली आहे. ही सोय आम्ही वाईट मानीत नाहीं. सन २०२३ मध्यें भारतांतील पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल निघाला, त्यांत ९४२ जातींचा विचार झाला, आणि त्याचा आधार म्हणजे सुमारें तीस हजार साध्या पक्षीनिरीक्षकांनीं ई-बर्डवर भरलेल्या नोंदी. त्यांत मास्तर होते, डॉक्टर होते, विद्यार्थी होते. तेव्हां मुलांनीं फोनवरही लिहावें. मात्र कागदाची प्रत शाळेंत राहूं द्यावी, कारण फोन मोठ्या भावाचा असतो आणि भाऊ पुण्यास जातो. कॅमेऱ्याविषयीं आमचें मत इतकें मऊ नाहीं. कॅमेरा दुर्मिळ पांखरामागें धांवतो, आणि वहीस हवी असते साधीसुधी टिटवी. शिवाय रोहित पक्ष्यांचा थवा उडतांना अधिक शोभतो म्हणून होडी त्यांच्या अंगावर नेणारे हौशी लोक आहेत. हजारों कोस उडून आलेल्या पांखरास घासभर खाऊं न देणें ह्याला पक्षिप्रेम म्हणतां येत नाहीं.

एक गोष्ट मोठ्यांसाठीं. नदी सुरय आणि टिटवी हे पक्षी झाडावर घरटें बांधीत नाहींत. सुरय नदीच्या वाळवंटावर किंवा पाण्यानें वेढलेल्या उघड्या बेटावर उथळ खळगा करून अंडीं घालतो, तीं बहुधा फाल्गुन-चैत्राच्या सुमारास, म्हणजे पाणी ओसरतें तेव्हां. त्याच दिवसांत गोदावरीच्या पात्रांत वाळूचा उपसा जोरांत असतो. वाळूच्या गाड्या कोणाच्या, हा प्रश्न शाळेच्या मासिकांत सोडविण्यासारखा नाहीं. परंतु कोणत्या वाळवंटावर कोणत्या साली किती सुरय दिसले, हें दुरून मोजून तारखेनिशीं लिहिलेलें असेल, तर तहसीलदारापुढें ठेवण्यास पालकांच्या हातांत कांहींतरी येईल. नुसत्या तक्रारीस जागा नसते; आंकड्यास असते. मुलांनीं मात्र अंड्यांजवळ जाऊं नये. आपल्या पाउलांचा माग काढीत कुत्रा तेथें पोंचतो.

राहिली एक अडचण, आणि ती आमच्याच जिल्ह्याची आहे. उत्तरेकडचीं बदकें आणि हंस येथें उतरूं लागतात ते दिवस दिवाळीच्या आगेमागचे. त्याच दिवसांत मुकादमाची उचल घेतलेलीं कुटुंबें कोयता घेऊन सांगली-कोल्हापूरकडे, कर्नाटकाकडे ऊंस तोडावयास निघतात, आणि त्यांच्याबरोबर मुलेंही. पांखरें येतात आणि वर्ग रिकामे होतात. एप्रिल-मेमध्यें तीं मुलें परततात तेव्हां पाण्यावरचे पाहुणे निघून गेलेले असतात. जानेवारींत देशभर पाणपक्ष्यांची मोजणी होते. त्या दिवशीं आमच्या बांधावर तींच मुलें नसतात जीं सर्वांत पहांटे उठावयास शिकलीं आहेत. शिक्षण तुटूं नये म्हणून त्यांस गांवीं ठेवण्याची सोय झाली पाहिजे, हें आम्ही पूर्वींही मानीत होतों व आजही मानतों. वही हा त्यावरील उतारा नव्हे.

तरीपण जें मूल या वर्षीं जाणारच आहे, त्याच्या दप्तरांत एक शंभरपानी वही आणि दोन पेन्सिली शाळेनें घालून द्याव्यात. ऊंस तोडला जातो तसतसे मोकळ्या झालेल्या फडांत गायबगळे उतरतात, किड्यांवर कोतवाल झेपावतात, संध्याकाळीं भोरड्यांचे थवे आभाळांत वळणें घेतात. हें सर्व त्या मुलाच्या डोळ्यांदेखत होत असतें, आणि आमच्या गांवांत बसलेल्या मुलास तें दिसत नाहीं. पानाच्या डोक्यावर तारीख, कारखान्याचें गांव आणि नदीचें नांव लिहावें, खालीं पांखरें. परत आल्यावर तीं पानें शाळेच्या मोठ्या वहींत चिकटवून घ्यावींत. त्यांसाठीं जागा आधींच सोडून ठेवावी, आणि हजेरीपटांत गैरहजर म्हणून ज्यांच्या नांवापुढें सहा महिने फुली पडते, त्यांचीं नांवें या वहींत मोजणाराच्या रकान्यांत लिहावींत.