पायऱ्या, सोफे आणि अंबरनाथचं देऊळ

हल्ली कुठल्याही शहराच्या सुशोभीकरणाचा आराखडा उघडा, त्यात कारंजं असतं, सेल्फी पॉइंट असतो आणि एक अ‍ॅम्फीथिएटर असतं. तलाव असो, बाग असो, नाही तर नाल्याकाठची उरलेली जागा असो. (खरं तर 'अ‍ॅम्फी' म्हणजे ग्रीकमध्ये दोन्ही बाजूंनी, सभोवार. रोमचं कोलोसियम हे खरं अ‍ॅम्फीथिएटर. आपण बांधतो त्या अर्धगोल पायऱ्यांना ग्रीक लोक नुसतं थिएटर म्हणायचे. पण हे सांगून काय उपयोग, कंत्राटदाराच्या पाटीवर शब्द आधीच रंगवून झालेला असतो!)

अंबरनाथच्या शिवमंदिर परिसरासाठी जो शंभर कोटींच्या वरचा आराखडा मंजूर झाला, त्यातही घाट, वाहनतळ, प्रदर्शन केंद्र यांच्या जोडीला अ‍ॅम्फीथिएटर आहे. आमच्या घरात यावरून सरळ दोन तट पडले. पुतण्या म्हणतो, "काका, मागे देऊळ, समोर स्टेज, काय भारी दिसेल!" बदलापूरची आत्या म्हणते, देवळापुढे तमाशा कशाला. मला दोघांचंही अर्धं पटतं, म्हणून हे लिहायला बसलो.

आधी देवळाबद्दल, कारण डोंबिवली-कल्याणात चाळीस वर्षं राहूनही तिथे न गेलेले पुष्कळ नातेवाईक हा ब्लॉग वाचतात, हे मला पक्कं ठाऊक आहे :) कल्याणच्या पुढे विठ्ठलवाडी, उल्हासनगर आणि मग अंबरनाथ. पूर्वेला उतरून रिक्षा करा. देवळातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा आहे. उत्तर कोकणच्या शिलाहारांपैकी छित्तराजाने काम सुरू केलं आणि त्याचा भाऊ मुम्मुणी याच्या काळात ते पुरं झालं, असं मानतात. सगळे त्याला हेमाडपंती म्हणून मोकळे होतात, पण हेमाद्री पंडित तेराव्या शतकातला. देऊळ त्याच्या दोनशे वर्षं आधी उभं होतं. शैलीचं नाव भूमिज. १८६८ साली मुंबई सरकारने या देवळाची चित्रं काढायला आणि साचे घ्यायला मुंबईच्या कलाशाळेची मंडळी पाठवली होती. आज ते राष्ट्रीय महत्त्वाचं संरक्षित स्मारक आहे.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. या देवळात बसण्याची नाटकघरासारखी जागा आधीपासूनच आहे. मंडपातून गाभाऱ्याकडे गेलात की सुमारे वीस पायऱ्या खाली उतरतात. वर शिखर पूर्ण नाही, त्यामुळे थेट आभाळ दिसतं. खाली काळोख, गारवा, ओल आणि वरून पडणारा उजेडाचा एक चौकोन. श्रावणात गेलो होतो तेव्हा त्या उजेडातून पाऊस सरळ पिंडीवर पडत होता. पायऱ्यांवर दोन म्हाताऱ्या हळू आवाजात काहीतरी म्हणत होत्या आणि त्यांचा आवाज वर उभ्या असलेल्या मला स्वच्छ ऐकू येत होता. माइक नाही, लाइट नाही. बाहेरच्या भिंतींवरची शिल्पं बघायला तर बसून चालतच नाही, प्रदक्षिणा घालावी लागते. तिथे खेळ जागेवर थांबतो आणि प्रेक्षक फिरतात.

म्हणून 'देवळापुढे कला नको' हे आत्याचं म्हणणं मला टिकत नाही. एपिडॉरसचं प्रसिद्ध ग्रीक थिएटर, ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातलं, चौदाएक हजार माणसं बसतील एवढं. तेही एका देवस्थानाचाच भाग होतं. आरोग्यदेवता अस्क्लेपिअसकडे बरं व्हायला आलेली माणसं तिथे नाटक बघायची. आपल्याकडेही खजुराहोचा नृत्य महोत्सव १९७५ पासून चालतो, कोणार्कचा १९८९ पासून. आणि अंबरनाथच्या परिसरात गेल्या दशकात शिवमंदिर आर्ट फेस्टिव्हल भरायला लागला, तेव्हा मोठ्या कलाकारांना ऐकायला दादर-प्रभादेवीची लोकल पकडावी लागली नाही, ही गोष्ट लहान नाही. गडकरी, अत्रे रंगमंदिर, फुले कलामंदिर ही आपली नाट्यगृहं आहेतच, पण तिथे तिकीट लागतं, आणि मुख्य म्हणजे आत शिरायचा धीर लागतो. पायऱ्यांवर कुणीही येऊन बसतं.

माझा पायऱ्यांकडे ओढा आहे तो यासाठीच. पायरीवर सोफा ठेवता येत नाही.

एका शहरातल्या उघड्यावरच्या कार्यक्रमाला मी आत्याला घेऊन गेलो होतो (शहर कुठलं ते जाऊ दे). पहिल्या चार रांगा पांढरे अभ्रे घातलेले सोफे. त्यामागे दोरी. दोरीमागे प्लास्टिकच्या खुर्च्या आणि त्यामागे आम्ही. सातचा कार्यक्रम. सव्वाआठपर्यंत शाल-श्रीफळ. गायिकेने स्वर लावला तेव्हा सोफ्यांवरची अर्धी मंडळी उठून गेली होती, आणि रिकामे सोफे दोरीपलीकडे तसेच. आत्या चौसष्ट सालापासून भजनी मंडळात पेटी वाजवते. ती खुर्चीवर उभी राहून स्टेज बघायचा प्रयत्न करत होती. तिचा 'तमाशा कशाला' हा शब्द त्या संध्याकाळीतून आलाय हे मला माहीत आहे.

तेव्हा प्रश्न अ‍ॅम्फीथिएटर असावं की नसावं हा नाहीच. ते किती मोठं, तोंड कुठे आणि आवाज किती, हे प्रश्न आहेत.

पुतण्याच्या 'मागे देऊळ' या कल्पनेला माझा ठाम विरोध आहे. साडेनऊशे वर्षांच्या देवळाचा पडदा करायचा, त्यावर जांभळे-हिरवे लाइट सोडायचे आणि पुढे कुणीतरी निवेदन करायचं! वेरूळ महोत्सव पूर्वी कैलास लेण्यासमोर व्हायचा, पुढे तो औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) सोनेरी महालात नेला. कार्यक्रम चालूच राहिले, कुणाचं काही बिघडलं नाही. कायद्यानेही संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आहे. काही लोकांना हा नियम विकासातला अडथळा वाटतो. मला वाटतं, चारी बाजूंनी इमारती उभ्या असलेल्या अंबरनाथात देवळाभोवती जी काही मोकळी हवा उरलीय ती या नियमामुळे.

आता हवेचाच विषय निघाला म्हणून. देवळाला लागून वालधुनी वाहते. डोंगरातून येते, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण करत उल्हास खाडीला मिळते, आणि वाटेत कारखान्यांचं आणि गटारांचं सगळं पोटात घेते. २०१४ साली टँकरमधून या नदीत रसायन ओतलं गेलं आणि उल्हासनगरात शेकडो लोकांना श्वास घेता येईना, रुग्णालयात न्यावं लागलं. घाट बांधा, पायऱ्या बांधा, पण संध्याकाळी वारा फिरला की नाकाला रुमाल लावून कुणी यमन ऐकणार आहे का? आधी नदी, मग घाट, मग पायऱ्या. आराखड्यातला क्रम बहुधा उलटा असतो, कारण दगडाचं उद्घाटन करता येतं, स्वच्छ पाण्याची फीत कुठे कापणार?

आणि आकार. महाशिवरात्रीला इथे लाखांची गर्दी होते. ती गर्दी देवाला येते, तिला स्टेज लागत नाही. उरलेल्या दिवसांसाठी दोन-तीनशे माणसांच्या पायऱ्या पुरेत. शाळेची सहल बसून डबा खाईल, एखादा शिक्षक छित्तराजाची गोष्ट सांगेल, सोमवारी भजनी मंडळ बसेल, रविवारी कुणी पोरगं बासरीचा रियाझ करेल. आमच्या फडके रोडवर दिवाळीच्या पहाटे हजारो पोरं जमतात, तिथे तर पायरीसुद्धा नाही. माणसांना जमायला निमित्त पुरतं.

हे सगळं आत्याला फोनवर वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पायऱ्यांना कठडा आहे का रे? आणि पेटी ठेवायला सपाट जागा? दगड दुपारी तापतो, बाजूला एखादं झाड लावा म्हणावं. चिंच नको, वड लावा."