शेगडीची मंद आंच

इंडक्शन शेगडींत ज्वाला नसते. मग आंच मंद होते ती कशी?

झोपाळ्यास त्याच्या लयींत झोका दिला तरच तो उंच जातो. शेगडींतील तारेचें वेटोळें व कंडेन्सर यांचीही अशीच ठराविक लय असते. वेटोळ्यांतील प्रवाह सेकंदास २०,००० हून अधिक आवर्तनें करतो. आवर्तनें त्या लयीजवळ असतां भांड्याचें बूड जोरानें तापतें; तीं वाढवून लयीपासून दूर नेलीं कीं आंच उतरते.

परंतु आवर्तनें फार वाढविल्यास यंत्राचे विद्युत्-खटकेच तापूं लागतात. म्हणून अतिमंद आंचेसाठीं पुष्कळ शेगड्या प्रवाह कांहीं क्षण चालू, कांहीं क्षण बंद ठेवतात. पातळ बुडाच्या भांड्यांत बासुंदी मग क्षणांत उसळते, क्षणांत निवते आणि खालीं लागते. चुंबक चिकटेल असें जाड बुडाचें भांडें हा चढउतार सोसतें. गृहिणींनीं तेंच निवडावें.