गृहस्वच्छतेची संवय

दिवाळी जवळ आली म्हणजे आपल्याकडील घराघरांतून एकच धांदल उडते. माळ्यावरील अडगळ खालीं येते, फडताळें रिकामीं होतात, तांब्यापितळेचीं भांडीं चिंचेनें घांसून लखलखीत केलीं जातात, आणि आढ्याचीं जळमटें लांब काठीस बांधलेल्या झाडूनें काढिलीं जातात. चार दिवस घर ओळखूं येत नाहीं. पुढें महिना दोन महिने लोटतात, कोंपऱ्याकोंपऱ्यांतून धूळ पुन्हां आपलें ठाणें मांडते, आणि मग पुढील दिवाळीपर्यंत तिला कोणी हटकीत नाहीं. ही वार्षिक झाडलोट वाईट आहे असें कोणीहि म्हणणार नाहीं. परंतु तेवढ्यावर घर स्वच्छ राहतें असें समजणें चुकीचें आहे. सणाच्या दिवशीं पोटभर जेवून कोणी वर्षभर उपाशी राहूं शकत नाहीं. स्वच्छतेचेंहि तसेंच आहे. ती रोज थोडी थोडी लागते.

स्वच्छता नियमित असावी, या म्हणण्यास केवळ टापटिपीची आवड एवढेंच कारण नाहीं. आपल्या निष्काळजीपणावर जगणारे जीव स्वतः मोठे वक्तशीर असतात. डेंग्यूचा प्रसार करणारी ईडिस जातीच्या डासाची मादी घरांतल्या सांचलेल्या स्वच्छ पाण्याच्या कडेस अंडीं घालते, आणि अंड्यापासून उडता डास होण्यास सामान्यतः आठ ते दहा दिवस पुरतात. म्हणूनच आठवड्यांतून एक दिवस पाण्याचीं सर्व भांडीं रिकामीं करून ‘कोरडा दिवस’ पाळावा, असें आरोग्यखातें वारंवार सांगत असतें. यांतील एक बारीक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. हीं अंडीं भांड्याच्या आंतल्या बाजूस चिकटून बसतात व कोरड्या स्थितींतहि कित्येक महिने जिवंत राहूं शकतात. तेव्हां नुसतें पाणी ओतून देणें पुरेसें नाहीं. पिंप, रांजण, कूलर, कुंडीखालची बशी, हीं सर्व आंतून घांसलीं पाहिजेत. माशीचीहि हीच कथा. उन्हाळ्यांत ओल्या केरांत पडलेल्या अंड्यांतून आठदहा दिवसांतच नवी माशी बाहेर पडते. जो गृहस्थ महिन्यांतून एकदां स्वच्छता करतो, तो मध्यंतरीं या जीवांच्या दोनतीन पिढ्या सुखानें वाढूं देतो.

इतिहासापासूनहि या बाबतींत बोध घेण्यासारखा आहे. 1896 सालीं मुंबईस प्लेग सुरू झाला व पुढें तो पुण्यासहि पोंचला. त्या वेळीं सरकारी पथकें घरांत शिरलीं, सामान बाहेर काढलें गेलें, जमिनी व भिंती जंतुनाशकांनीं धुतल्या गेल्या. लोकांच्या मनांत त्यामुळें जो संताप उसळला तो सर्वश्रुत आहे. हा रोग उंदरांवरील पिसवांमुळें पसरतो, हें पॉल-लुई सिमों या फ्रेंच वैद्यानें 1898 सालीं कराची येथें प्रयोगानें दाखविलें. तोंवर पुष्कळसे श्रम भलत्याच ठिकाणीं खर्ची पडले. यावरून दोन गोष्टी शिकाव्या. दुसऱ्यानें बळजबरीनें लादलेली स्वच्छता मनास पटत नाहीं, म्हणून टिकत नाहीं. आणि आपण काय व कशासाठीं साफ करतों हें समजल्यावांचून केलेले श्रम वायां जातात.

आतां या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे वळूं. घरांतली केरसुणी कोणाच्या हातीं असते? बहुतेक घरीं ती आईच्या हातीं असते, आणि आईकडून थेट मुलीच्या हातीं जाते. शाळेंत आम्ही मुलामुलींस एकच गणित शिकवितों व एकाच परीक्षेस बसवितों. परंतु सकाळीं त्याच घरांत भाऊ पुस्तक उघडून बसलेला असतो, आणि बहीण केर काढीत असते. या कामीं रोज अर्धा तास जातो असें धरिलें, तर वर्षाकांठीं 180 हून अधिक तास होतात. सहा तासांची शाळा मानल्यास हे शाळेचे पुरे 30 दिवस झाले. एवढे दिवस मुलगी शाळेंत गैरहजर राहिली असती, तर पालकांनीं तें चालूं दिलें नसतें. घरांतील ही गैरहजेरी मात्र कोणत्याच हजेरीपटांत नोंदली जात नाहीं. आणि पुढें निकालाच्या दिवशीं ‘भावाइतकी ती हुशार नाहीं’ असें सहज बोललें जातें.

मुलग्यांनीं केर काढावा असें म्हटलें कीं कांहीं वडील मंडळी हंसतात. परंतु लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं आपल्याकडे पुष्कळ घरीं याच केरसुणीची पूजा होते. जिला हळदकुंकू वाहावयाचें, तिला हातीं धरण्यांत कमीपणा कसला? गाडगे महाराज (1876–1956) ज्या गांवीं जात, तेथें दिवसा खराट्यानें गांव झाडीत व रात्रीं कीर्तन करीत. त्यांच्या उपदेशास जें वजन आलें, त्यांत त्या खराट्याचा वांटा मोठा होता. शिवाय, ज्यास स्वतः केर काढावा लागतो तो जाईल तेथें शेंगांचीं टरफलें टाकीत नाहीं, हाहि लाभ लहान नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, संवय लावावयाची तर आरंभ लहान असावा. उठल्याबरोबर स्वतःचें अंथरूण स्वतः घडी करून ठेवा. जेवण झालें कीं आपलें ताट घांसून टाका. अभ्यासास बसण्यापूर्वीं टेबल ओल्या फडक्यानें पुसा. कोरड्या फडक्यानें धूळ नुसती उडते व पुन्हां तेथेंच बसते. रोजच्या एका ठरलेल्या कामास दुसरें काम जोडिलें म्हणजे त्याची वेगळी आठवण ठेवावी लागत नाहीं. आठवड्यांतील मोठीं कामें वार ठरवून वांटून घ्यावीं : एका वारीं पाण्याचीं भांडीं, एका वारीं मोरी, एका वारीं पंखे व खिडक्या. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशीं पुन्हां आरंभ करावा. चुकलें म्हणून सोडून देऊं नये.

आमच्याकडे कामास बाई आहेत, असें कोणी म्हणेल. त्यांचे श्रम मोलाचे आहेत; परंतु आपण केलेला पसारा आवरणें हें त्यांचें काम नाहीं. आमची एकच खोली आहे, असें दुसरा म्हणेल. जेथें जागा थोडी, तेथें प्रत्येक वस्तूस जागा ठरवून देण्याची गरज अधिक. आणि घरांतला केर उंबऱ्याबाहेर लोटला म्हणजे स्वच्छता झाली, असें तर कोणींच समजूं नये. 2016 च्या घनकचरा नियमांनीं ओला व सुका कचरा घरींच निराळा करणें नागरिकांचें कर्तव्य ठरविलें. तें काम घरांतील लहान मुलासहि करतां येतें.

पालकांस एवढीच विनंती कीं, स्वच्छतेचें काम शिक्षा म्हणून कधीं सांगूं नये. जें शिक्षा म्हणून करावें लागतें त्याचा मुलांस कंटाळा येतो. तें सर्वांनीं मिळून करावें, आणि वडिलांनीं त्यांत प्रथम हात घालावा. येत्या सुटींत प्रत्येक घरीं कामांची एक यादी लिहून भिंतीवर लावावी, व तींत मुलग्यांचीं नांवें मुलींच्या नांवांइतक्याच वेळां यावींत. शाळा पुन्हां सुरू होईल तेव्हां कोणत्या घरीं ही यादी खरोखर पाळली गेली, हें आम्हां शिक्षकांस विचारावें लागणार नाहीं. सकाळच्या पहिल्या तासाला मुलींच्या वह्या पुऱ्या झालेल्या दिसतील.