गुणगौरव पुरे, आता विचारपूस हवी

दरवर्षी निकालांचा हंगाम संपला की आपल्या मोहल्ल्यामोहल्ल्यांतून गुणगौरव समारंभ होतात. जमातीच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या जातात, तिलावत होते, शाल आणि मोमेंटो दिले जातात आणि मग पुढारी बोलायला उभे राहतात. ‘इकरा’ या पहिल्या आदेशाची आठवण करून दिली जाते. सच्चर समितीचे आकडे सांगितले जातात. वीस वर्षांवरील मुसलमानांत पदवीधर आणि पदविकाधारक मिळून चार टक्केही भरत नाहीत, हे त्या समितीने २००६ साली देशापुढे मांडले होते. आम्हीही या समारंभांना जातो आणि टाळ्या वाजवतो. आमची तक्रार समारंभाविषयी नाही. ज्या मुलाच्या गळ्यात हार घातला त्याचे पुढे काय झाले, हे नंतर कोणीच विचारत नाही, ही आमची तक्रार आहे.

बी.ए., बी.एस्सी. होईपर्यंत मुलाभोवती माणसे असतात. वर्ग असतो, मित्र असतात, परीक्षा ठरल्या तारखेला होते आणि निकाल लागतो. पदव्युत्तर शिक्षण आणि विशेषतः संशोधन सुरू झाले की यातले बरेच सुटते. काम कधी संपेल ते ठाऊक नसते. चार-पाच वर्षे एका मार्गदर्शकाच्या सहीवर अडकलेली असतात आणि त्याची मर्जी फिरली तर दाद मागायची कुठे, हे कळत नाही. बरोबरीचे मित्र दुबईला, कुवेतला जाऊन घरी पैसे पाठवू लागतात आणि आपला संशोधक सत्ताविसाव्या वर्षीही घरून पैसे मागत असतो. घरात आधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नसते, त्यामुळे प्रबंध अडला म्हणजे नेमके काय झाले, हे आईबापांना समजावता येत नाही. मुलगी असेल तर प्रत्येक सुट्टीत एकच प्रश्न तिची वाट पाहत असतो, ‘अजून किती शिकणार?’ या सगळ्यावर आपण आणखी एक ओझे ठेवतो, कौमचे नाव राखण्याचे. दहावीत पहिला आलेल्या मुलाला हरण्याची, थकण्याची, मधेच थांबण्याची परवानगी आपण ठेवलेलीच नाही.

आमच्या माहितीतल्या एका मुलाची हकीकत सांगतो. दुसऱ्या शहरातल्या एका संस्थेत तो पीएच.डी. करत होता. तिसऱ्या वर्षी सुट्टीत घरी आला तो परत जाईना. दिवसभर पडून राही, रात्रभर जागा असे, ताटावरून उठून जाई. घरच्यांनी आधी आळस म्हटले, मग नजर म्हटली, मग कुणीतरी काहीतरी केले आहे म्हटले. सात गुरुवार एका आमिलाकडे फेऱ्या झाल्या. वडिलांनी आखातातून फोनवर कसम घातली. बहिणीचे लग्न ठरत होते, म्हणून मोहल्ल्यात ‘सुट्टीवर आलाय’ एवढेच सांगितले गेले. आठ महिने असे गेले. शेवटी त्याच्या शाळेतल्या एका बाईंनी हट्ट धरला, तेव्हा त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेण्यात आले. नैराश्याचा आजार निघाला. औषधे आणि समुपदेशन यांनी काही महिन्यांत तो सावरला. प्रबंध मात्र राहिला तो राहिलाच. त्याच्या सत्काराला जे हॉलभर लोक जमले होते, त्यांतला एकही त्या आठ महिन्यांत त्याच्या खोलीच्या दारापर्यंत गेला नाही. त्या हॉलमध्ये आम्हीही होतो.

आणि हे घडले कुठे? तर रत्नागिरीत. राज्यातल्या चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी ठाणे, येरवडा आणि नागपूर सोडले तर चौथे आमच्या गावात आहे आणि ते १८८६ सालापासून उभे आहे. कोकणातले आणि घाटावरचे रुग्ण एस.टी.ने रात्रभर प्रवास करून इथे येतात. आमच्यासाठी ते रिक्षाच्या अंतरावर आहे. मात्र मिरकरवाड्यापासून कोकणनगरपर्यंत कुठल्याही घरात ‘मेंटल हॉस्पिटल’ हा शब्द उच्चारला की माणसे आवाज खाली आणतात. तिथे बाह्यरुग्ण विभाग असतो, दाखवून त्याच दिवशी घरी येता येते, निद्रानाशापासून चिंतेपर्यंतच्या तक्रारी घेऊन शहाणी माणसे तिथे जातात, हे सांगायला कोणी तयार नाही. जवळजवळ एकशेचाळीस वर्षांच्या शेजाराने आम्हाला त्या फाटकाची फक्त भीती शिकवली.

‘ईमान कच्चे आहे, म्हणून असे होते’ असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. असे म्हणणाऱ्यांना आम्ही अदबीने विचारतो की, हजरत याकूब (अ.स.) यांचे ईमान कच्चे होते काय? युसूफच्या वियोगात रडून रडून त्यांच्या डोळ्यांची ज्योत गेली, हे कुरआनातच आले आहे. हजरत खदीजा आणि अबू तालिब यांच्या निधनाच्या वर्षाला आपली परंपरा ‘आमुल हुज्न’, म्हणजे दुःखाचे वर्ष, म्हणते. पैगंबरांच्या दुःखाला ज्या परंपरेने नाव दिले, त्या परंपरेत एका थकलेल्या विद्यार्थ्याने दुःख लपवावे का? प्रत्येक आजाराला इलाज आहे ही हदीस आपण मधुमेहाच्या गोळ्या घेताना आठवतो आणि मनाच्या आजाराच्या वेळी विसरतो. आधी उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, हे तर आपल्याला लहानपणापासून सांगितलेले असते.

आपला इतिहासही काही वेगळे सांगत नाही. नवव्या-दहाव्या शतकात होऊन गेलेले अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला. कारण असलेले दुःख आणि कारण सापडत नाही असे दुःख यांत त्यांनी फरक केला आणि दुसऱ्याने समजुतीने बोलणे हा उपचाराचा भाग मानला. कैरोच्या १२८४ सालच्या मन्सूरी बीमारिस्तानात मनोरुग्णांसाठी स्वतंत्र सोय होती. तो वारसा भाषणात सांगायचा आणि घरात मात्र पोराच्या दंडाला तावीज बांधून दार लावून घ्यायचे, हे बरोबर नव्हे.

दर्ग्याला आमचा विरोध नाही. हातिसच्या पीर बाबरशेखच्या उरुसाला आम्हीही जातो आणि तिथे मन निवते हे अनुभवाने सांगतो. दुआ करावी, नमाज पढावी. त्यातून बळ मिळते ते नाकारण्याचे कारण नाही. पण दुआ दवेच्या जागी बसवली की काय होते, ते एरवाडीने दाखवले. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडी दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रमाला आग लागली. तिथे साखळ्यांनी बांधून ठेवलेल्या मनोरुग्णांना पळताही आले नाही. २८ जणांचे प्राण गेले. त्यांना तिथे कोणी शत्रूने आणून सोडले नव्हते. घरच्यांनीच, बरे व्हावेत म्हणून, आणून सोडले होते.

इथपर्यंत आम्ही घराला बोललो. आता संस्थांना बोलतो.

डॉ. पायल तडवी ही जळगावकडची मुलगी, तडवी भिल्ल या आदिवासी मुस्लिम समाजातली. मुंबईच्या नायर रुग्णालयाशी संलग्न महाविद्यालयात ती स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी तिने आयुष्य संपवले. ती २६ वर्षांची होती. तीन वरिष्ठ सहकारी डॉक्टरांकडून जातीवरून छळ होत होता, असा आरोप आहे. त्याचा निवाडा न्यायालय करील. लेकीच्या छळाची तक्रार आपण आधीच केली होती, असे तिच्या आई आबेदा तडवी सांगत आल्या आहेत. हैदराबादच्या रोहित वेमुलाच्या आई राधिका वेमुला आणि आबेदाबाई या दोघी माता २०१९मध्येच सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ज्या प्रश्नासाठी विद्यापीठांनी स्वतः उठायला हवे होते, त्यासाठी दोन आयांना दिल्ली गाठावी लागली.

म्हणून आम्ही स्पष्ट सांगतो की समुपदेशन हा न्यायाला पर्याय नाही. छळ होत असेल तर विद्यार्थ्याला ‘मन शांत ठेव’ म्हणून परत पाठवणे हाही छळच. छळणाऱ्याला आवरणे हे संस्थेचे काम आणि मोडत चाललेल्याला सावरणे हेही संस्थेचेच काम. एक केले म्हणून दुसरे टळत नाही.

पैशाचेही तेच. अल्पसंख्याक समाजांतल्या संशोधकांसाठी २००९मध्ये सुरू झालेली मौलाना आझाद राष्ट्रीय शिष्यवृत्ती २०२२-२३पासून बंद केल्याचे केंद्र सरकारने डिसेंबर २०२२मध्ये लोकसभेत सांगितले. ज्या शिष्यवृत्तीच्या भरवशावर गरीब घरातली मुले संशोधनाकडे वळत होती, ती काढून घ्यायची आणि नंतर तणावमुक्तीवर व्याख्यान ठेवायचे, याला काय म्हणावे?

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत १५ मार्गदर्शक सूचना दिल्या आणि कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक ठरवल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ हवा. संस्था लहान असेल तर बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडणी हवी. मदतीचे क्रमांक ठळक लावलेले हवेत. ही मेहेरबानी नव्हे, हुकूम आहे. तरीही आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी या कामाचा अर्थ एवढाच होतो की एका प्राध्यापकाला ‘समुपदेशन कक्षा’चा जादा कार्यभार द्यायचा, दारावर पाटी लावायची आणि तपासणीसाठी फाइल तयार ठेवायची. तोच प्राध्यापक विद्यार्थ्याला गुण देणार, तोच त्याच्या प्रबंधाच्या समितीवर बसणार. मग त्याच्यापुढे मन कोण मोकळे करील?

मिरजोळ्याला मुंबई विद्यापीठाचे उपपरिसर आहे, शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, दापोलीला १९७२पासून कृषी विद्यापीठ आहे. या साऱ्यांच्या प्रमुखांना आमचा जाहीर सवाल आहे. तुमच्याकडे पूर्णवेळ, प्रशिक्षित आणि विद्यार्थ्याच्या गुणांशी संबंध नसलेला समुपदेशक आहे काय? असेल तर त्याचे नाव आणि वेळ वसतिगृहाच्या दारावर लावा. नसेल तर कधी नेमता ते सांगा. मनोरुग्णालयातल्या तज्ज्ञांना आठवड्यातून एक दिवस विद्यार्थ्यांसाठी बोलवायला रत्नागिरीइतकी सोयीची जागा राज्यात फार थोडी असेल.

आणि जमातींना आमची विनंती आहे. पुढच्या गुणगौरव समारंभातून मोमेंटोंचा निम्मा खर्च काढा आणि बाहेरगावी संशोधन करणाऱ्या आपल्या मुलामुलींची यादी करा. प्रत्येकामागे एक जाणते माणूस नेमा, मुलीमागे शिकलेली बाई नेमा. त्यांनी महिन्यातून एकदा फोन करायचा. ‘झाले का?’ असे विचारायचे नाही, ‘कसा आहेस?’ असे विचारायचे. इमामसाहेबांनी वर्षातून दोन जुम्मे या विषयाला द्यावेत. मिंबरवरून एकदा सांगितले गेले की मनाच्या डॉक्टरकडे जाण्यात गुनाह नाही, तर अनेक घरांची कडी आतून निघेल. उपचार घेतला म्हणून मुलीचे स्थळ मोडणाऱ्यांना वडीलधाऱ्यांनी चार लोकांत जाब विचारावा. पोलिसांच्या भीतीने गप्प बसणाऱ्या घरांना हे सांगा की २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने आयुष्य संपवण्याचा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र तणावाखाली असलेला माणूस मानले आहे. त्याला शिक्षा नव्हे, उपचार देणे सरकारचे कर्तव्य ठरवले आहे. २०२२पासून ‘टेलिमानस’ची १४४१६ ही मोफत सेवा रात्रंदिवस चालू आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. हा क्रमांक नमाजाच्या वेळापत्रकाखाली छापा.

चार टक्क्यांतून वर यायचे आहे, असे आपण रोज म्हणतो. पण जी मुले वर चढली आहेत, त्यांतली किती मधेच गळून पडली याची नोंद कुठल्याही जमातीच्या वहीत नाही. या वर्षी ती वही उघडा. आमच्याकडून त्यात पहिले नाव आम्ही देऊ, त्या आठ महिने खोलीत बसलेल्या मुलाचे, अर्थात त्याची परवानगी घेऊन. आता तो बरा आहे आणि पुन्हा नाव नोंदवायचे म्हणतो. या वेळी त्याला शाल नको आहे. कोणीतरी अधूनमधून फोन केला तर बरे, एवढेच तो म्हणाला.