प्रभावाचे शेवटचे प्रकरण

अण्णाभाऊ साठे यांच्यावरील बहुतेक प्रबंधांत ‘आशयसूत्रे’ चार प्रकरणे व्यापतात आणि ‘सांस्कृतिक प्रभाव’ शेवटच्या दहा पानांत उरकला जातो. त्या पानांत पुतळे, २००२ चे टपाल तिकीट आणि मान्यवरांचे गौरवोद्गार असतात. गौरव म्हणजे प्रभाव नव्हे, हा भेद विद्यार्थ्याला ठाऊक नसला तर समजता येते; मार्गदर्शकाला नसावा, हे मात्र अनाकलनीय आहे. प्रभाव हा ग्रहणाचा इतिहास असतो. संहिता कोणाच्या हाती पडली, कोणाच्या ओठी बदलली, कोणी नाकारली, हे शोधावे लागते.

अण्णाभाऊंनी बरीच वर्षे घाटकोपरच्या चिरागनगरात काढली. त्याच घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी पोलिसांच्या गोळीबारात दहाजण मारले गेले. त्यानंतर काही दिवसांतच मुलुंडच्या झोपडवस्तीतील शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. ‘फकिरा’ (१९५९) बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण करणारा साम्यवादी शाहीर आणि डाव्या चळवळीत गाणारा हा दलित शाहीर, यांच्यात प्रभाव आहे, परंपरा आहे, की केवळ समान पेच? हा खरा संशोधनविषय. आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) घोगऱ्यांच्या मृत्यूपासूनच निघतो. आमच्या प्रबंधांना मात्र गायलेले गीत संहिता वाटत नाही, आणि वस्तीतल्या वृद्ध गायकाची मुलाखत संदर्भसूचीच्या कोणत्या रकान्यात घालावी, एवढ्यावरच चर्चा अडते.